चौघींचं कुंकू

संक्रांत होऊन गेली होती आणि आशाबाई हळदीकुंकवाचं बोलावणं करत गल्लीतून फिरत होत्या. बोलावणं मोबाइलवरही झालं असतं. पण मोबाइलवरून कुणाच्या घरी कोण आलंय ते दिसत नाही.

शेवटचं दार हिमानीचं. हिमानी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण, पोलिसात सब-इन्स्पेक्टर. वय लहान आणि बोलणं त्याहून कमी. तापीकाठच्या केळीच्या बागांत एकामागून एक तीन मजूर बाया गळा आवळलेल्या सापडल्या, तेव्हापासून ही पोर धड जेवली नव्हती. आशाबाईंना पक्कं माहीत होतं, कारण डबा त्याच देत आणि परत आलेला उघडूनही बघत. त्यात कालपासून मनकर्णा नावाची आणखी एक बाई घरी परतली नव्हती.

दिवेलागणीलाच वीज गेली. साऱ्या इतवारा मोहल्ल्यातले कापडाचे लूम एका दमात थांबले. बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला लूमची खडखड ऐकूच येत नाही. ती थांबली की मात्र छातीत काहीतरी दचकतं.

हिमानीच्या ओसरीवर चौघी बसल्या होत्या. भिंतीला पाठ लावून, पदर डोक्यावरून पुढे ओढून. जबानी द्यायला आलेल्या असतील, असं आशाबाईंना वाटलं.

"कुठल्या वं बायांनो तुम्ही?"

चौघींनी पदर आणखी पुढे ओढले. पण हातात करंडा असताना बायकांना कुंकू न लावता पुढे जाणं आशाबाईंच्या जिवाला जमणारं नव्हतं. त्या वाकल्या आणि एकेकीला लावत गेल्या. कपाळं गार होती. थंडीचे दिवस होते खरे, पण हे गारपण थंडीचं नव्हतं. शेवटचीने मान फिरवली, तेव्हा "लाजतेस काय, पोरी!" म्हणत त्यांनी तिची हनुवटी धरून कुंकू टेकवलं आणि आत गेल्या.

हिमानी मोबाइलच्या उजेडात बागांचा नकाशा बघत होती.

"हिमानी, बाहेर बाया ताटकळल्यात. चहा तरी दे त्यांना."

"कौनसी बाया, मौसी?"

दोघी बाहेर आल्या. ओसरी रिकामी होती. फरशीवर, भिंतीलगत, कुंकवाच्या चार चिमट्या पडल्या होत्या.

"इथेच होत्या गं, आत्ता कुंकू लावलं मी!" आशाबाई म्हणाल्या. दुसरा कुणी साहेब असता तर हसला असता, नाहीतर त्यांना घरी धाडलं असतं. हिमानीने त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः एक पायरी खाली बसली आणि त्यांचा हात धरला.

"मौसी, जेवढं दिसलं तेवढंच सांगा. अंदाज नको."

"चौघी होत्या…"

"तिघी सापडल्या. म्हणजे मनकर्णा…" हिमानीने वाक्य अर्धंच सोडलं. मग विचारलं, "वास येत होता? केळीचा, मातीचा?"

"नाही गं… खळीचा. शिळ्या, आंबट खळीचा. सायझिंगवरून जाताना येतो ना, तस्सा."

सायझिंगच्या कारखान्यात लूमवर चढवायचं सूत उकळत्या खळीतून काढतात. तो वास इथल्या पोराबाळांनाही ओळखू येतो.

हिमानी उभी राहिली. "तिघींच्या पदरावर कडक डाग होते. बागेतली बाई, केळीचा चीकच असणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिले. मैंने भी." तिने फोन लावला. "सुपडूभाऊ, जीप काढा. नदीकडचं ते बंद सायझिंग, बागांना लागून आहे ते. अँबुलन्स भी बुला लो."

"बेटा, पण ती तर… त्यांच्यात बसली होती ना?"

"मेलेली मी अजून पाहिली नाही, मौसी." आणि ती गेलीसुद्धा.

वीज आली, लूम सुरू झाले, तरी आशाबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. गल्लीची जेवणं आटोपायच्या आत जीप परतली. मनकर्णा जिवंत होती! खळीच्या कोरड्या हौदात, तोंडात बोळा कोंबलेली, पण जिवंत. तिथला राखणदार लीलाधर पकडला गेला होता. केळी उतरवायच्या कामाला नेतो सांगून तो बायांना आपल्या गाडीवर बसवायचा. तिन्ही खून त्याने जीपमध्येच कबूल केले.

"वाघीण आहे आपली पोरगी!" गल्लीत जो तो म्हणत होता. आशाबाईंनी डोळे पुसत मीठमोहऱ्या घेतल्या आणि तिची दृष्ट काढायला लागल्या. हिमानीनेही मुकाट्याने काढू दिली. मग कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,

"मौसी, मनकर्णा तर दवाखान्यात पाणी पितेय. मग चौथी कोण?"

आशाबाईंची मूठ हवेतच राहिली.

"लहान होती… सोळा-सतराची. हनुवटीला हात लावला मी… गोंदण होतं तिथं."

"तिघींत गोंदण कुणालाच नव्हतं. मनकर्णालाही नाही."

लोक पांगले. पोर थकून पांढरी पडली होती, वर्दी वाळल्या खळीच्या भुकटीने माखली होती. आता तिने झोपावं, एवढंच आशाबाईंना वाटत होतं. हिमानीने घरातून प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणली, ओसरीवर त्या भिंतीसमोर ठेवली आणि बसली. आशाबाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यांना आता तिथे भिंतच दिसत होती.

"नाव सांग, बाई," हिमानी म्हणाली. "घाई नाही."

लूमच्या खडखडीत आशाबाईंना काहीच ऐकू आलं नाही.

हिमानी मात्र जराशी पुढे वाकली. थांबली. मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "आणि गाव?"