डावा पदर वर

त्या हिवाळ्यात मोकपोत, कोरियाच्या दक्षिण टोकाच्या आमच्या बंदरात, लग्नं होत नव्हती असं नाही, पण फोटोवाल्याला न सांगता होत होती. कारखाने बंद पडत होते, बँकेतली माणसं घरी बसली होती, बायका बोटातल्या सोन्याच्या अंगठ्या देशाच्या कर्जासाठी जमा करत होत्या. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला पूर्वी अख्खं घराणं नटूनथटून आमच्या स्टुडिओत यायचं. आता घरीच शेवाळाचं सूप करून मोकळे व्हायचे. बंदराकडून येणारा सुक्या मासळीचा वास आणि मी, दोघंच दिवसभर दुकानात बसून असायचो.

माझी बायको मालसुन हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. आधी तिनं जुन्या बाजारातून एक गडद निळा कोट आणला. नोकरीच्या अर्जाला कोटातला फोटो लागतो, आणि नोकरी गेलेल्याकडे धड कोट कुठला? बारक्याला पाठीमागून चिमटे लावायचे, जाड्याला बटण न लावताच बसवायचं. अर्धं शहर त्या एका कोटात काम शोधायला निघालं. आमची चूल त्यावर पेटती राहिली, आणि हे मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं होतं.

मग एका सकाळी ती म्हणाली, "अहो, आता बेटांवर जाऊ. म्हाताऱ्यांचे दीर्घायुष्याचे फोटो काढू."

शेवटच्या विधीला समोर ठेवायचा फोटो आमच्याकडे आधीच काढून ठेवतात, आणि आधी काढला की आयुष्य वाढतं, असं म्हणतात. मी अशा गोष्टी मानणारा नाही.

"म्हणजे आता मरणाऱ्यांवर धंदा?"

"मरणारे सगळेच आहेत. गिऱ्हाईक कुठे आहे ते सांगा. बेटांवर तरणी माणसं उरली नाहीत, म्हाताऱ्या मात्र मोप. त्यांना इथवर येणं होत नाही, तर आपण जाऊ."

तिनं हानबोकचा, आमच्या सणासुदीच्या पोशाखाचा, फक्त वरचा सदरा शिवला, कारण फोटोत तेवढाच दिसतो. चांगला ऐसपैस शिवला. रंगीत फिल्म धुवायला बाहेर पाठवणं परवडत नव्हतं, म्हणून मी पुन्हा कृष्णधवलवर आलो आणि बंद पडलेली डार्करूम झाडून काढली.

पहिल्या बेटावर गावच्या सभागृहात बैठक जमली होती. खालून तापवलेली फरशी उबदार होती, मधोमध उकडलेली रताळी आणि किमची. म्हाताऱ्यांना तिथे माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. हेनामवाली आजी सगळ्यात थोरली, डाव्या गालावर वाटाण्याएवढा मस. वांदोवाली आजी चिखलात ऑक्टोपस पकडणारी, तोंडाची तिखट.

"ए फोटोवाल्या, सुरकुत्या काढून टाकशील ना?" वांदोवाली म्हणाली.

"सुरकुत्या काढल्या तर खाली काय उरेल, आजी?" मालसुन म्हणाली, आणि हेनामवालीला हसताना ठसकाच लागला.

उजेड बघायला पहिल्या फोटोला मालसुन स्वतः सदरा घालून बसायची. मग एकेका आजीला ती तो चढवायची, डावा पदर वर, उजवा आत, बंदाची गाठ उजव्या छातीवर. प्रत्येक गाठ स्वतःच्या हातानं. गाठ बांधता बांधता कानात काहीतरी सांगायची, आणि आजीचा चेहरा असा उजळायचा की मला फक्त बटण दाबायचं काम उरायचं. पंचवीस वर्षं मी लोकांना "हसा" म्हणत आलो, पण तसं हसू मला कुणाकडून मिळालं नव्हतं.

परत आल्यावर मी प्रिंट काढायला बसलो. ट्रेमधल्या रसायनात हेनामवाली आजीचा चेहरा हळूहळू वर आला. चेहरा सुरेख होता. सदरा उलटा होता. उजवा पदर वर, गाठ डाव्या छातीवर.

मेलेल्या माणसाला शेवटचे कपडे चढवताना पदर असा उलटा घेतात. जिवंत माणसाला कुणी चुकूनही घेत नाही. मी स्वतःवर चिडलो. निगेटिव्ह उलट्या बाजूनं घातली की डावं-उजवं बदलतं, ही शिकाऊ माणसाची चूक. निगेटिव्ह काढून पाहिली. बरोबर घातलेली होती. मग प्रिंटकडे पुन्हा पाहिलं. मस डाव्या गालावरच होता, जिथे असतो तिथे. फक्त सदरा फिरला होता.

म्हणजे मालसुननं चुकीचा बांधला, असं मी ठरवलं आणि तिला प्रिंट दाखवली.

"मी?" ती म्हणाली. तिनं फोटोतल्या गाठीवर बोट ठेवलं. "हा नाही द्यायचा. पुढच्या बोटीनं जाऊन परत काढू."

पण धुकं उतरलं. मोकपोचं धुकं एकदा बसलं की समोरचा युदाल डोंगरसुद्धा पुसून टाकतं, आणि बोटी धक्क्याला नुसत्या डुलत राहतात. आम्ही बेटावर पोचलो तेव्हा हेनामवाली आजी झोपेतच गेली होती. समोर ठेवायला फोटो नव्हता. घरच्यांनी सहलीच्या फोटोतून तिचं डोकं कापून मोठं केलं होतं. मालसुन त्या धूसर चेहऱ्यासमोर दोनदा वाकली आणि रडली.

"म्हातारी होती. कधीतरी जाणारच होती," मी बोटीत म्हणालो.

ती मांडीवरच्या सदऱ्याचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

वसंतात पुन्हा त्या बेटावर जाणं झालं, राहिलेल्यांचे फोटो काढायला. या वेळी ट्रेमध्ये वांदोवाली आजी वर आली, तिचा सदरा उलटा. मी निगेटिव्ह तपासली, एन्लार्जर तपासला, भिंगसुद्धा पुसलं. मालसुन दारात उभी होती. तिनं प्रिंट पाहिली आणि तशीच बूट घालायला लागली.

"आत्ता?"

"बोट आहे ना आत्ता?"

वांदोवाली चिखलातून नुकतीच वर आली होती. "माझं थोबाड पहिल्यांदा नीट आलं नाही वाटतं?" ती म्हणाली. "सुरकुत्यांनी कॅमेरा फोडला असेल."

"तसंच काहीतरी," मालसुन हसून म्हणाली. तिनं बंद बांधला, पण या वेळी लगेच सोडला नाही. दोन्ही हातांनी गाठ दाबून ती आजीच्या छातीशी कपाळ टेकून थांबली, मी कॅमेरा लावून होईपर्यंत. मग बाजूला झाली.

तो फोटो सरळ आला. डावा पदर वर.

वांदोवाली आजी जगली, नुसती जगली नाही, तर बेटोबेटी सांगत सुटली की मोकपोच्या फोटोवालीच्या हातची गाठ म्हणजे आयुष्याची गाठ. बोलावणी येऊ लागली. बंदरातल्या दुकानांची दारं एकेक करून बंद होत होती, आणि आमच्या पाटीला मालसुननं नवा रंग दिला. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि हे मी शेजाऱ्यांना ऐकवायचोसुद्धा. उन्हाळा आला तरी ती मात्र जुना गळाबंद स्वेटर घालून फिरायची, डोक्यातून घालायचा, पुढून न उघडणारा. मी चिडवलं की म्हणायची, बोटीवर वारं लागतं.

तिचा उजेड बघायचा फोटो मी कधी छापत नसे. "कागद कशाला वाया घालवता?" ती म्हणायची. पण स्टुडिओच्या काचेत लावायला मला तिचाच फोटो हवा होता. हे सगळं जिनं उभं केलं तिचा. एका दुपारी ती बाजारात गेलेली पाहून मी शेवटची निगेटिव्ह लावली.

सदरा उलटा होता.

मी मागच्या निगेटिव्ह काढल्या. हिवाळ्यातली पहिली सरळ होती. वसंतातली, हेनामवाली गेल्यानंतरची, तीही सरळ. वांदोवालीचा फोटो दुसऱ्यांदा काढला त्या दिवसानंतरच्या सगळ्या उलट्या होत्या.

ती कोबी घेऊन आली. मी फोटो पुढे धरला.

"तुला माहीत होतं?"

तिनं पिशवी खाली ठेवली. "फोटोतलं मला काय कळतं, ते तुमचं काम. पण बंदाचं, बटणाचं काही घातलं की दुपारपर्यंत फिरतं. टाके घालून पाहिले. तरी फिरतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही निगेटिव्ह तपासत बसला असता. वांदोवाली आहे ना धडधाकट? मग झालं."

मला राग आला, भीती वाटली, आणि तिच्याइतकं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही असंही वाटलं. मी सदरा आणला.

"बस."

"अहो, नको."

"बस म्हणतो ना."

आयुष्यात मी कधी असला बंद बांधला नव्हता. माझी बोटं एकमेकांत अडकत होती.

"डावा पदर वर," ती म्हणाली. "माझा डावा, तुमचा नव्हे."

मी गाठ दोन्ही हातांनी दाबून धरली, तिनं धरली होती तशी. तिच्या केसांना तिळाच्या तेलाचा वास येत होता. मग मी मागे जाऊन बटण दाबलं.

फोटो सरळ आला. मी तो त्याच संध्याकाळी काचेत टांगला.

सकाळी ती बटणाचा निळा ब्लाउज घालून गुणगुणत डबा भरत होती. कित्येक महिन्यांनी मी तिचा गळा पाहिला. बोट सुटायला वेळ होता. मी पेन खिशाला लावायला हात नेला. खिसा होता तिथेच, डावीकडे होता.

तिचं गुणगुणणं थांबलं.

ती माझ्या शर्टाकडे बघत होती. मी खाली पाहिलं. रोज बोटं आपोआप जातात त्या बाजूला बटणं नव्हती. तिथे काजं होती.

"काढा तो," ती म्हणाली. तिचे हात माझ्या गळ्याशी आले. "खुर्चीत बसा. आधी तुमचा फोटो काढू. मी बांधते."

मी तिचे हात धरले.

"राहू दे."

"अहो, पुढच्या बोटीनं गेलो तर काय बिघडतं?"

"परत तुझ्या अंगावर येईल. राहू दे, मालसुन."

तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडले नाहीत. मग ती दमली, तिनं डबा उचलला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली.

मी कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावली, दाराला कुलूप घातलं. काचेत तिचा फोटो हसत होता. त्याच्यावर माझं प्रतिबिंब पडलं होतं, आणि काचेत डावं-उजवं बदलल्यानं त्यात शर्टाची बटणं जिथे असायला हवीत तिथेच होती.