ही ऑफर जुन्या ग्राहकांसाठी नाही

दिवसभरात एकच वाक्य मी इतक्या वेळा बोलते, की आई म्हणते, झोपेतसुद्धा तेच बडबडतेस. "सर, ही ऑफर जुन्या ग्राहकांसाठी नाहीये." जळगावच्या स्टेशन रोडला मोबाईल कंपनीचं काचेचं दुकान आहे ना, बाहेर माणसाएवढा फोन छापलेला... तिथल्या दुसऱ्या काउंटरवर मी बसते. रोज पाचोऱ्याहून अप-डाऊन करते आणि रोज लोकांची बोलणी खाते. जणू काही नियम मीच घरून डब्यात घालून आणते!

आषाढातली दुपार होती. बाहेर पाऊस, आत लाइट गेलेली, टोकनचं मशीन बंद आणि काउंटरसमोर ही झुंबड. एक काका माझ्यावर तावातावाने ओरडत होते. वर्षानुवर्षं तुमचंच सिम वापरतो, आणि अर्ध्या किमतीत फोन कोणाला? तर काल आलेल्याला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "काका, त्यांच्यावर ओरडून काय उपयोग? पंखा त्यांचाही बंद आहे."

मी मान वर केली. उंच, सावळा, भिजलेला. खांद्याला झोळी, आणि हातात रबर लावून धरलेला फोन. हो, रबर! मागचं झाकण निघू नये म्हणून.

त्याची पाळी आली तेव्हा मी आधीच बजावलं, "जुने ग्राहक असाल तर ऑफर नाही."

"जुनाच आहे."

"मग हप्त्यावर घ्या. पगाराची स्लिप आहे?"

"तासिकेवर शिकवतो. भूगोल. तासांचे पैसे मिळतात, तेसुद्धा सरकारला आठवण झाली की."

"मग हप्त्यालाही अपात्र."

"माहीत होतं," तो हसला. "तरी एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं. इथे काउंटरवर बसणाऱ्यांत तुम्ही एकट्याच अशा आहात, ज्यांना 'अपात्र' म्हणताना वाईट वाटतं."

"मला काही वाईटबिईट वाटत नाही. पुढचे कोण?" मी फटकारलं. पण कान गरम झाले होते, खोटं कशाला सांगू?

त्याचं नाव हितेंद्र. राहायला धुळ्याला, कॉलेज जळगावात. कॉलेजची हजेरी आता ॲपवर लागायची, आणि ते ॲप त्याच्या जुन्या फोनवर उघडायचंच नाही. मग हा वर्गातल्या एखाद्या मुलाचा फोन मागून स्वतःची हजेरी लावायचा. मास्तरने पोराकडे हजेरीसाठी हात पसरायचा... ऐकून माझंच डोकं फिरलं. आणि आमच्या कंपनीचा नियम काय? जो इमानाने राहिला, त्याला पूर्ण किंमत. जो सोडून गेला आणि परत आला, त्याच्यासाठी पायघड्या!

म्हणून श्रावणात एकदा मॅनेजर जेवायला गेलेला बघून मी हळूच म्हटलं, "एक सांगू? नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा. नव्वद दिवस तिकडे काढा. मग परत आमच्याकडे या. म्हणजे तुम्ही नवे ग्राहक."

"म्हणजे तुमच्याकडे किंमत मिळवायची तर आधी तुम्हाला सोडून जायचं?"

"मला नाही हो... कंपनीला!"

तो नुसता बघत राहिला. मी खाली वाकून स्टेपलर शोधायला लागले. स्टेपलर समोरच होता.

त्याने नंबर पोर्ट केला, कंपनी सोडली; पण दुकान काही सोडलं नाही. कॉलेज असेल त्या दिवशी हजर! मशीनवर 'इतर चौकशी'चं बटण दाबायचा आणि टोकन घेऊन शहाण्या मुलासारखा बाकावर बसायचा.

"तुम्ही आता आमचे ग्राहकही नाही. कसली चौकशी करायची आहे?"

"काउंटर दोनच्या मॅडम जेवल्या का, एवढीच."

"जेवल्या. निघा."

"काय होतं डब्यात?"

"कळण्याची भाकरी आणि तुमच्यासारख्या लोकांचं डोकं."

असं चालायचं. मग संध्याकाळी स्टेशनपर्यंत एकत्र चालणं सुरू झालं. केळीच्या वेफर्सचा पुडा, अर्धा त्याचा, अर्धा माझा. माझी पॅसेंजर सुटली की मग तो धुळ्याची बस गाठायचा. गाडी हलताना तो खिडकीच्या गजावर बोट टेकवायचा, फक्त एक बोट, आणि फलाटासोबत थोडं चालायचा. मी दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करायचे. पाचोरा येईपर्यंत त्या गजाला मी हात लावत नसे. हसाल तुम्ही, पण खरंच नसे.

कोजागिरीच्या आसपास एकदा मीच विचारलं. मला कुठे धीर आहे! "घरी कधी येताय?"

तो वेफर्सच्या पुड्यात बघत म्हणाला, "थोडं थांब ना सुलक्षणा... कायम जागांची जाहिरात निघणार आहे म्हणतात. एकदा पर्मनंट झालो, की ताठ मानेने येईन तुझ्या आबांकडे. आत्ता काय म्हणून येऊ?"

"हितेंद्र म्हणून या."

"तेवढ्यावर कोण मुलगी देतं?" तो म्हणाला. हसत म्हणाला, म्हणून मीही हसले.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या झुंबरआत्याने मुक्ताईनगरचं स्थळ आणलं. केळीची बाग, घरचा ट्रक, मुलगा एकुलता एक. मला बघून गेले, पसंती कळवली, आणि गुरुवारी सुपारी फोडायला येतो म्हणाले. आमच्याकडे एकदा चार माणसांत सुपारी फुटली, की झालं. मग मागे फिरायचं म्हणजे घराण्याचं नाक कापायचं.

मंगळवारी रात्री मी आबांपुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. आबा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. अवकाळीने कापूस भिजला होता, काटा बंद होता, माणूस आधीच उदास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोऱ्या चांगला शे?"

"चांगला आहे, आबा."

"मंग त्याले सांग, गुरुवारले दुपारलोंग माले फोन कर म्हना. त्यानं सोता बोलानं. तुनं नई, आनि तू मधमा फोन करी त्याले आठवन दिसी ते बी चालाव नई. त्याले पोर पाहिजे ते तो बोली."

त्याने स्वतः गुरुवारी दुपारपर्यंत फोन करायचा, मी मधे आठवणसुद्धा करायची नाही; पण आबांनी एवढं मान्य करावं! मला वाटलं, झालं, सुटले मी. बुधवारी दुकानात हितेंद्रला सांगितलं, तेव्हा त्याने माझा हात धरला, काउंटरवर, सगळ्यांदेखत. "करतो. नक्की करतो," म्हणाला. हात गार होता. मला वाटलं, पावसामुळे असेल.

त्याच आठवड्यात त्याची परत आमच्या कंपनीत येण्याची विनंतीही मीच टाकली होती; माझ्या मोजणीने नव्वद दिवस भरले होते. कोणत्याही दिवशी जुनं सिम बंद पडून नवं चालू होणार होतं.

गुरुवारी मी रजा टाकली. माझा फोन आईने देव्हाऱ्यात ठेवला, म्हणजे मला मोह नको. सकाळपासून पाणी लागलं होतं. अंगण नुसतं चिखल झालं होतं. आबा पांढरी टोपी घालून ओट्यावर बसले, फोन मांडीवर. मी दाराआड. आबांचा फोन वाजला की मी दाराबाहेर मान काढायचे. एकदा खतवाल्याचा आला. एकदा झुंबरआत्याचा, 'निघालो' म्हणून.

बारा वाजून गेले. पाहुणे आले, पाट मांडले गेले, हळदीकुंकवाचं ताट आलं, सुपारी आली. आबांनी एकदा फोनकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. आणि तेव्हा, देवाशपथ, मला एकदम उलगडा झाला. पोर्ट! आजच सिम बदलत असणार! त्याचा नंबर बंद पडलाय, बिचारा धुळ्यात फोन हातात घेऊन तळमळत असेल!

मी बाहेर आले. डोक्यावर पदर, समोर पाहुणे, आणि मी काय बोलतेय? "आबा, त्याचा नंबर पोर्टिंगला आहे. जुनं सिम बंद होतं आणि नवं लागेपर्यंत फोन जात नाही. नियमच आहे तसा. सुपारी फोडू नका."

कोणाला काही कळेना. झुंबरआत्या म्हणाली, "ही काय बरळी ऱ्हायनी व माय?" आबा उठले. मला आत घेऊन हळूच म्हणाले, "मंग मीच लावस त्याले. नंबर सांग."

"लावून काय उपयोग आबा, बंदच असणार. मी रोज हेच काम करते, मला नाही का माहीत?"

किती खात्री होती मला!

आबांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग बाहेर गेले, टोपी काढली, आणि मुक्ताईनगरच्या माणसांपुढे हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना कोणापुढे असं वाकलेलं बघितलं. पाहुणे चहाला न थांबता पावसात निघून गेले. आत्याने तर जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. सुपारी तशीच, अख्खी, ताटात राहिली.

मला आबांसाठी रडू येत होतं आणि आतून, कुठेतरी खूप आतून, आनंदही होत होता. आता एकदा त्याचं सिम चालू होऊ दे.

शुक्रवारी दुकान उघडताच मी आधी कॉम्प्युटर लावला. त्याचा नंबर टाकला. वाटलं होतं, 'काल बंद झाला, आज चालू होईल' असं काहीतरी दिसेल. दिसलं ते असं: विनंती नामंजूर. नव्वद दिवस पूर्ण नाहीत. ग्राहक अपात्र. तारीख बुधवारची.

बुधवारची. म्हणजे पोर्टिंग झालंच नव्हतं. सिम बदललंच नव्हतं. गुरुवारी दिवसभर त्याचा फोन चालू होता.

मी ते परत वाचलं. परत वाचलं. समोरच्या बाई काचेवर टिचक्या मारत होत्या, "अहो मॅडम, लक्ष कुठे आहे?" मी त्यांचं रिचार्ज करून दिलं. कसं केलं, आठवत नाही.

दुपारी तो आला. मशीनवरचं बटण दाबलं, 'इतर चौकशी'. पाळी आल्यावर समोर उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काल फोन चालू होता की बंद?" मी विचारलं.

"सुलक्षणा, ऐक तर—"

"चालू की बंद?"

"...चालू."

"मग?"

"नंबर काढून बसलो होतो. सकाळपासून. पण काय सांगणार होतो आबांना? ते विचारणार, नोकरी पक्की आहे का. मी नाही म्हणणार. मग ते नाही म्हणणार. एकदा नाही म्हणाले की संपलंच ना सगळं? त्यापेक्षा म्हटलं, जाहिरात निघू दे, मी आधी पात्र तरी होतो..."

"मी सुपारी थांबवली, हितेंद्र."

"थांबवली?"

त्याचा चेहरा मी नीट बघितला. खूप नीट. आनंद शोधत होते मी त्यात, एवढासा तरी. तिथे फक्त धास्ती होती.

मला राग आला. मी माझा फोन काढला, आबांना लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आमच्या दोघांच्या मधे काउंटरवर ठेवला. "बोल," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. "काहीही बोल. नुसतं नाव सांग."

"हां, सुलू?" आबांचा आवाज आला. मागे पावसाचा आवाज. "हॅलो? कोन शे?"

हितेंद्रने ओठ ओले केले. फोनकडे वाकला. मला खरंच वाटलं, आता बोलेल.  एक शब्द... एकच रे... बाकी सगळं मी बघून घेईन...

"हॅलो? हॅलो?" आबा थांबले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "रेंज नई शे वाटस. पोर, पानी भलता ई ऱ्हायना. संभाळी ये. मी ठेसनवर येस छत्री लीसन."

फोन ठेवला गेला. मी स्क्रीनकडे बघितलं. टॉवर फुल्ल होता.

तो डोळे पुसत म्हणाला, "मी... परत कधी येऊ? म्हणजे, थोड्या दिवसांनी?"

"नव्वद दिवस भरले की अर्ज परत करता येतो, सर. तारीख मेसेजवर येईल."

'सर' म्हटल्यावर त्याला कळलं. "फक्त सिमचा?"

"फक्त सिमचा."

 त्याने टोकनचा कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि काचेचं दार ढकलून तो बाहेर पडला. छत्री उघडायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. मी पुढचं टोकन पुकारलं. आवाज अगदी स्वच्छ निघाला, मलाच नवल वाटलं. समोर एक आजोबा आले आणि म्हणाले, "बाई, मी लई जुना ग्राहक आहे बरं का." आणि मला मान खाली घालून टेबलाचा खण उघडावा लागला, उगीच, काहीतरी शोधायला.

संध्याकाळी गाडीत मी त्या गजाला घट्ट धरून उभी राहिले. पाचोऱ्याला आबा फलाटावरच उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. काही विचारलं नाही. स्टेशनच्या बाहेर आल्यावर मात्र, समोर बघतच, म्हणाले, "दुपारले कोन व्हतं व फोनवर? त्यानाच नंबर चालू व्हयना का?"

 काल माझ्यासाठी ज्यांनी टोपी काढली, त्यांना मी काय सांगू?

"रेंज नव्हती, आबा," मी म्हटलं.

 आबांनी छत्री माझ्या बाजूला जरा कलती केली, आणि आम्ही चिखलातून घराकडे चालू लागलो.