स्क्रीनवरची थोरली

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या मावशीसमोर बसून तसं म्हणून दाखवावं. मी म्हणणार नाही. मला माझे कान प्यारे आहेत.

आणि रात्रीची गोष्ट नाही ही. सकाळची आहे. लोक घरी दात घासत होते, त्या वेळची. बंदराच्या तोंडाबाहेर मोठी जहाजं नांगर टाकून आत यायची वाट बघत उभी असतात ना, तिथे घडलेली.

अंधार नव्हता. धुकं होतं...

मावशी लाँच चालवते. बाहेर उभ्या असलेल्या जहाजांना भाजी, पिण्याचं पाणी, साबण, औषधं, जे मागतील ते नेऊन देते. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. काका, म्हणजे तिचा नवरा, अगदी उलट. त्यांनी कधी कुणाच्या 'अरे'ला 'का रे' केलं नाही. हसून म्हणायचे, "आमच्या घरात राग हे खातं हिच्याकडे आहे. मी त्यात लुडबुड करत नाही."

त्यांच्या दोन बोटी होत्या. काकांची लाकडी बोट, थोरली. मावशीची लाँच, धाकटी.

एका धुक्याच्या दिवशी काका थोरली घेऊन बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

फळ्या सापडल्या. चिरडलेल्या. त्यांच्यावर हिरव्या रंगाचा लांबच लांब ओरखडा होता. मोठ्या जहाजाच्या पोटाला लावतात तसला जाड रंग.

काका सापडले नाहीत.

चौकशी झाली. मोठी जहाजं आपला ठावठिकाणा सतत हवेत पाठवत असतात. नाव, वेग, दिशा, सगळं. बंदराच्या ऑफिसात ते नोंदलं जातं. तिथल्या अधिकाऱ्याने टेबलावरचा स्क्रीन मावशीकडे वळवला.

"हे बघा बाई. त्या वेळी तिथे एकही जहाज दिसत नाहीये. म्हणजे तिथे काही नव्हतं."

"आणि हा रंग काय आभाळातून पडला?"

"लाकूड जुनं होतं. फुटलं असेल."

"साहेब, ते यंत्र बंद करता येतं. बटण असतं त्याला."

अधिकाऱ्याने स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. झालं. चौकशी संपली.

बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं काय झालं असणार ते. बटण बंद ठेवून आले, धडक मारली, निघून गेले. पण ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

मावशी रडली नाही. तिच्यात रडायला जागाच उरली नव्हती, सगळीकडे राग भरला होता. भांडी घासायची तीसुद्धा कुणाचा तरी गळा आवळल्यासारखी. रोज सकाळी धाकटी घेऊन त्याच पाण्यात जायची. प्रत्येक जहाजाचं पोट बघायची. हिरवं असलं की दात-ओठ खायची. पण हिरवी जहाजं काय थोडी असतात?

मग तिच्या मुलीचं लग्न झालं आणि घरात जावई आला. तो मोबाइल दुरुस्त करायचा. सासूला घाबरायचा, पण तिची काळजीही करायचा. एकदा तो एक टॅबलेट आणि काळी डबी घेऊन धक्क्यावर हजर झाला.

"आई, ही डबी जहाजांचे सिग्नल पकडते. टॅबलेटवर नकाशा येतो. प्रत्येक जहाजाचा एक त्रिकोण. बोट लावलं की नाव दिसतं. धुक्यात आंधळ्यासारखं जायला नको."

"जावईबापू, याच काचेत माझा नवरा दिसला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोरून उचला ते."

"बाबांच्या बोटीवर सिग्नल पाठवायचं यंत्रच नव्हतं ना, आई. ते दिसणार कसे?"

"आणि ज्याच्यावर होतं तो कुठे दिसला?"

जावयाने मान खाली घालून टॅबलेट सुकाणूशेजारी रबरी पट्ट्याने बांधला. मावशी तणतणत राहिली, पण तिने तो काढून फेकला नाही. एवढंच.

तर ती सकाळ.

आदल्या संध्याकाळी एक जहाज येऊन बाहेर थांबलं होतं. निळंशार, नव्याने रंगवलेलं. त्यांना भाजी आणि पाणी हवं होतं. मावशीचा नेहमीचा मदतनीस तापाने आडवा झाला होता, म्हणून जावई सोबत निघाला. आपलं यंत्र कसं चालतं तेही त्याला बघायचं होतं.

बंदराचं तोंड ओलांडलं आणि धुकं आलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

"बघा आई, आता याचा उपयोग," जावई खुशीत म्हणाला. "हे समोर निळं जहाज. हे डावीकडे तेलाचं. हे दोन मागे."

मावशी नुसती हुं म्हणाली.

थोडा वेळ गेला. जावई टॅबलेटवर वाकला.

"काय झालं?"

"काही नाही... मागून एक लहान बोट येतेय. आत्ताच दिसायला लागली."

"कोणाची?"

त्याने त्रिकोणावर बोट ठेवलं. नाव आलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं...

"बोला की!"

"थोरली."

मावशीने वळून त्याच्याकडे असं बघितलं, की जावई आजही ते सांगताना दोन पावलं मागे सरकतो.

"थट्टा करताय?"

"आई, शपथ! कुणीतरी आपल्या बोटीला तेच नाव ठेवलं असेल."

"धाकटी माझी आहे. मग थोरली दुसऱ्या कुणाची असेल?"

तिने टॅबलेटकडे पाहिलं. नाव होतं. त्रिकोण मागून येत होता. सरळ त्यांच्याकडे.

काकांच्या बोटीवर यंत्र नव्हतं. त्यांचा रेडिओसुद्धा कानाखाली मारल्याशिवाय बोलायचा नाही. तिथून सिग्नल येणार कुठून?

आणि ती बोट तर आता नव्हतीच...

मग जावयाच्या लक्षात आलं, की भोंगे बंद झालेत. धुक्यात उभी जहाजं थोड्या थोड्या वेळाने भोंगा वाजवतात. आत्ता एकही वाजत नव्हता. पक्षी ओरडत नव्हते. लाँचच्या अंगावर पाणी आपटतं, त्याचाही आवाज नाही. कुणीतरी जगाचा आवाज बंद केल्यासारखं.

फक्त धाकटीचं इंजिन.

आणि त्याच्या मागे... दुसरं एक.

धक. धक. धक... आणि एक उसासा.

धक. धक. धक... आणि उसासा.

मावशीचे हात सुकाणूवर घट्ट झाले. ते इंजिन तिने स्वतःच्या हातांनी कितीदा खोलून लावलं होतं. चौथा ठोका ते कायम गिळायचं.

आवाज जवळ आला. अगदी बाजूला आला. हात लांब केला असता तर बोटीची कड लागली असती. टॅबलेटवर दोन्ही त्रिकोण शेजारी शेजारी होते. पण धुकं जराही हललं नाही. बाजूने बोट गेली की लाँच डुलते ना? धाकटी डुलली नाही. पाणी काचेसारखं सपाट.

जावई खाली बसला.

मावशी मात्र उभी होती. आणि ती घाबरली नव्हती. ती संतापली होती.

"अहो!" ती धुक्यात ओरडली. "थांबा! थांबा म्हणते ना!"

धक. धक. धक...

"पोरीच्या लग्नात एकटी उभी होते मी! त्या मेल्या ऑफिसात एकटी भांडले! आणि आता बाजूने जाता, ते न बघता?"

आवाज पुढे गेला. त्रिकोणही पुढे गेला. मावशीने दात-ओठ खात इंजिन वाढवलं आणि त्याच्या मागे लागली.

"आई, नको!"

"गप बसा."

त्रिकोण निळ्या जहाजाच्या दिशेने चालला होता. वळत नव्हता. वेग कमी करत नव्हता. जावई बघत होता. दोन्ही त्रिकोण जवळ आले... एकमेकांवर आले...

आणि जहाजाचा त्रिकोण विझला.

त्याच क्षणी धुक्यातून लोखंडाची निळी भिंत त्यांच्यासमोर उभी राहिली. मावशीने लाँच कशीबशी थांबवली. जहाज समोर होतं, पण स्क्रीनवर नव्हतं. थोरली स्क्रीनवर होती, पण समोर नव्हती.

मग पहिला ठोका पडला.

धाड!

जहाजाच्या पोटावर. पाण्याजवळ. सगळं जहाज घंटेसारखं घुमलं.

धाड! धाड!

रेडिओ खरखरला. "लाँच! लाँच! दूर व्हा! बोट आमच्यावर का आदळताय?"

"आम्ही लांब आहोत!" जावई ओरडला. "आम्ही नाही!"

धाड!

वर कठड्याशी खलाशी गोळा झाले होते. प्रत्येक ठोक्याला निळ्या रंगाचे पापुद्रे सुटून पाण्यात पडत होते. मोठे मोठे, वाळक्या पानांसारखे. आणि त्यांच्याखालून...

खालचा रंग हिरवा होता.

मावशी बघत राहिली. मग तिने रेडिओ उचलला. तो बंदरातल्या सगळ्यांना ऐकू जातो. जहाजांना, ऑफिसाला, सगळ्यांना.

"तुमच्या जहाजाचा आधीचा रंग कोणता?"

तिने रेडिओ तोंडाजवळ ओढला.

"बहिरे झालात का? आधीचा रंग कोणता?"

"त्याच्याशी तुमचा संबंध नाही. मी कॅप्टन बोलतोय. लाँच बाजूला घ्या."

धाड!

मग दुसराच आवाज आला. म्हातारा, फुटलेला. जहाजावरचा कुणी जुना खलाशी होता. भाषा मोडकीतोडकी, पण शब्द स्पष्ट.

"हिरवा. हिरवा होता. आम्हाला धडक कळली होती. माणूस ओरडत होता. आम्ही ऐकलं. कॅप्टन म्हणाला, बटण बंदच ठेवा, पुढे चला. बाई, तो खाली आहे... तो पुन्हा खाली आलाय..."

सगळ्या बंदराने ते ऐकलं.

जावयाला वाटलं, आता मावशी कोसळेल, निदान रडेल तरी. पण ती ऐकत होती ते दुसरंच. ठोके थांबले नव्हते. वाढले होते. धाड, धाड, धाड, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. वर माणसं किंचाळत होती, कुणी प्रार्थना करत होतं. जहाज एका बाजूला झुकायला लागलं.

काकांना रागावलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनेही नाही. त्यांचा सगळा राग तीच करायची. आज तो तिच्यासमोर होता, आणि त्याला तळ नव्हता.

मावशीला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने पुढे होऊन हात जोडले.

"बास," ती म्हणाली. "अहो, बास करा. वर सगळेच काही तसे नाहीत. पोराबाळांची माणसं आहेत."

धाड!

"माझं ऐका. बास."

थांबलं.

लांब कुठेतरी एक भोंगा वाजला. मग दुसरा. पाणी पुन्हा लाँचच्या अंगावर आपटायला लागलं.

जहाजाचा त्रिकोण स्क्रीनवर परत आला. थोरलीचा त्याच्या आतच होता. तो बाहेर आला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. जहाज आत आणलं. कॅप्टनला धरून नेलं. म्हाताऱ्या खलाशाने सगळं लिहून दिलं. ज्याने मावशीला स्क्रीन दाखवला होता त्याच अधिकाऱ्याला या वेळी तिच्यासमोर उभं राहून बोलावं लागलं. मावशीने त्याला बसू दिलं नाही.

मग पाणबुडे खाली जाऊन आले. त्यांना जहाजाच्या पत्र्यावर बाहेरून मार लागल्याची एकही खूण सापडली नाही.

सगळे पोचे आतून बाहेर आले होते.

आतमध्ये तिथे एक टाकी आहे. तिचं झाकण कित्येक वर्षं उघडलेलं नव्हतं, बोल्टांवर रंगाचे थर चढले होते. ते फोडून उघडलं. टाकी कोरडीठाक.

"आत काही नव्हतं," अधिकारी म्हणाला.

मावशीने त्याच्या टेबलावरची काच फोडली. त्यासाठी तिला चौकीवर नेलं. कॅप्टनला नेलं होतं त्याच चौकीवर.

"मला त्यांना घेऊन जायचंय," ती प्रत्येकाला सांगत होती. "ते आत आहेत. त्यांना उतरवा, मग जहाज कुठेही जाऊ द्या." कुणी पाणी दिलं, कुणी खुर्ची दिली. उतरवलं कुणी नाही.

जहाज विकलं गेलं. नवा मालक, नवा रंग, नवीन माणसं. ते बंदरातून निघालं तेव्हा मावशी धाकटी घेऊन त्याच्या मागे गेली. टॅबलेटवर मोठ्या त्रिकोणाच्या पोटात लहान त्रिकोण स्पष्ट दिसत होता. ती शिव्या देत, भोंगा वाजवत, उघड्या समुद्रात जात राहिली. शेवटी डिझेल संपत आलं म्हणून जावयाने तिच्या हातून सुकाणू हिसकावून लाँच वळवली. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

जहाजांचा नकाशा हल्ली फोनवरही दिसतो. मी ते जहाज अधूनमधून बघतो. मावशीला सांगत नाही.

बरेच दिवस सगळं ठीक होतं. जहाज चालत होतं, लहान त्रिकोण आत होता.

परवापासून जहाज थांबलंय. भर समुद्रात. जवळ बंदर नाही, किनारा नाही. आणि लहान त्रिकोण बाहेर आलाय. जहाजाभोवती फिरतोय. आधी सावकाश फिरत होता.

आज वेगाने फिरतोय.

त्या जहाजावरची माणसं नवी आहेत. त्यांनी काही केलेलं नाही. काय चाललंय, कोण आहे, त्यांना कसं कळणार?

आणि 'बास' म्हणायला तिथे कुणी नाही...