वॉलबीवरची पिवळी फुली

दर शनिवारी न्याहारीआधी मी आणि माझा नवरा डेस, आम्ही नदीकाठाने प्राणी मोजत फिरतो. वही माझ्याकडे, दुर्बीण त्याच्याकडे. त्याचं मोजणं म्हणजे आनंदीआनंदच. तरंगणारा ओंडकाही तो प्लॅटिपस म्हणून खपवतो.

"बुडबुडे आले ना? मग लिही."

"चष्मा पूस आधी," मी म्हटलं.

त्या सकाळी दाट धुकं होतं. निलगिरीच्या ओल्या पानांचा वास येत होता. हसल्यासारखे ओरडणारे कुकाबरा पक्षी एकदम गप्प झाले. पुलाजवळ वॉलबीची, म्हणजे छोट्या कांगारूची, मादी मरून पडली होती, गाडीने उडवलेली. तिच्या अंगावर रंगाची पिवळी फुली होती.

आमच्याकडे अशी फुली म्हणजे कुणीतरी पोटाची पिशवी तपासली आहे, पिल्लाची काळजी नको.

"झालंय तपासून. चल," डेस म्हणाला.

पण पिवळा रंग फक्त नोला वापरायची. माझी मैत्रीण. तीस वर्षं तिने अनाथ पिल्लं स्वतःच्या स्वयंपाकघरात वाढवली, आणि जुलैत ती वारली. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी घाईत एक वॉलबी न तपासताच पुढे गेले होते. आतलं पिल्लू मेलं. नोला ओरडली नाही. "बघायचंस गं, ग्लेनिस," एवढंच म्हणाली. ते अजून सलतं.

म्हणून मी गुडघ्यांवर बसले. फुलीला बोट लावलं तर रंग बोटाला आला. पिशवी रिकामी होती, पण आतलं एक आचळ लांबलेलं आणि ओलं होतं.

"डेस... पिल्लू होतं. आत्ता होतं."

"मग कुणीतरी नेलं असेल."

"नोला गेल्यापासून पिल्लू नेणारा मलाच फोन करतो. फोन आलेला नाही."

अशा गारठ्यात आईविना पिल्लू फार वेळ तग धरत नाही. आम्ही झुडपं चाळू लागलो. तेवढ्यात लव्हाळ्यामागून कुणीतरी हळूच पुटपुटलं...

"झालं हं, सोन्या... झालं..."

डेसने माझं कोपर घट्ट धरलं. त्यानेही ऐकलं होतं.

लव्हाळ्यामागे कुणी नव्हतं. खालच्या फांदीला उशीचा एक अभ्रा टांगलेला होता. पिल्लाच्या नखांत दोरे अडकू नयेत म्हणून तो उलटा केलेला, नोला करायची तसाच. आत पिल्लू गाढ झोपलं होतं. अंग ऊबदार, ओठांवर दूध. मला रडू फुटलं.

"आभारी आहे गं," मी धुक्याकडे बघून म्हटलं.

आता ते माझ्याकडे वाढतंय. फार लाघवी आहे, माझ्या बाहीत नाक खुपसून झोपतं. दिवसभर बाटली घेतं. पहाटेची मात्र घेत नाही. तेव्हा त्याचं पोट टम्म असतं आणि हनुवटी ओली. पहिल्यांदा मी घाबरले, मग सवय झाली. बाटली बाजूला ठेवून मी म्हणायचे, "बरं नोला, एवढी एक वेळ तुझी."

या आठवड्यात त्याने दुपारची बाटलीही नाकारली. मग संध्याकाळचीही. पोट तसंच टम्म, डोळे चमकदार. काल मी त्याला काट्यावर ठेवलं. ते सापडलं त्या दिवसापेक्षा हलकं भरलं.

"नोला," मी रिकाम्या स्वयंपाकघरात म्हटलं, "याला माझ्याकडे राहू दे गं..."

पिल्लाने कान टवकारले. माझ्याकडे नाही, दाराकडे.