पायाखालचा ताल

छोटेलालला गिटार शिकायची हौस नव्हती. पक्षाघाताने डावं अंग गेलं, तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरने बोटं सतत हलती ठेवायला सांगितलं, आणि मुर्री गावातल्या त्याच्या घरात बोटं हलवण्याजोगी वस्तू एकच होती: लग्न होऊन बालाघाटला गेलेल्या मुलीची गिटार. साठीच्या शेतकऱ्याच्या मांडीवर ती पाहून शेजारपाजार हसला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. धानाच्या रोवणीआधी स्वतःच्या पायांवर शेताच्या बांधीत उभं राहता आलं नाही, तर उरलेला जन्म बायकोच्या जिवावर काढावा लागेल, ही धास्ती त्याला झोपू देत नव्हती.

शिकवायला भाचा धनेंद्र यायचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा, कामापुरतं बोलणारा गडी. महिनाभरात बोटं तारांवर बसू लागली, पण वाजायचा तो नुसता सांडलेला आवाज. ताल कुठेच नव्हता.

"मामाजी, ताल हातात नाई रायत," धनेंद्र म्हणाला. "पायानं धरा लागते. पाय चालला का हात बराबर मांगं येते."

छोटेलालने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. ओल्या पोत्यासारखा जड. उजवा रोवून धरल्याशिवाय त्याला धड बसताच येत नव्हतं, त्यामुळे तोही तालाला मोकळा नव्हता. तेव्हा त्याची बायको सुखवंता चुलीपुढून उठली. हात पुसत समोर खुर्ची ओढून बसली आणि आपला उजवा पाय तिने त्याच्या त्या मेल्या पायावर ठेवला.

"मी ताल देतो. तुमी वाजवा."

तिच्या तळव्यात ताल होताच. जन्मभर चिखलात धानाची रोपं लावत, मागे मागे सरकत आलेला पाय तो. दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. तिच्या वजनाबरोबर त्याचा हात खरंच वळणावर येऊ लागला. रोज दुपारी जेवणं आटोपली की दोघं तशी बसायची. इतक्या वर्षांच्या संसारात ती एकमेकांसमोर अशी निवांत कधी बसलीच नव्हती, आणि छोटेलालला ते फार आवडलं.

एके दुपारी तिने दाबण्याआधीच पाय खाली गेला.

सुखवंता रडली, तोही रडला. देवापुढे नारळ फुटला. धनेंद्र मात्र त्या पायाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "चाल मामीजीचीच हाय." त्यावर सगळे हसले.

पाय सुधारत गेला. काठी सुटली. छोटेलाल बांधीच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागला. डावं पाऊल तेवढं आखूड पडे, बाईमाणसासारखं, आणि उभं राहिलं की किंचित मागे सरके.

त्याच सुमारास सुखवंताला उंबरठ्याची ठेच लागली. उजव्या अंगठ्यातून रक्त आलं, ते तिला त्याने सांगितल्यावर कळलं.

"काऊन, दुखून नाई राहिलं?"

"पाय झोपला असन," ती म्हणाली.

रोवणीच्या पहिल्याच दिवशी ती बांधीत कोसळली; उजवा पाय उचलेचना. सोबतच्या बायांनी उचलून घरी आणली. डॉक्टरला काही सापडलं नाही.

त्या संध्याकाळी छोटेलालने गिटारच्या तारा उपटून काढल्या. मला चालायचं नाही, तिचं तिला परत दे, असं त्याने देवाला हात जोडून सांगितलं. पण पाय थांबेना. तो भुईवर ठोके देत राहिला. दोन्ही हातांनी आवळून धरला, तरी हातांखाली चालूच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जवसाचं तेल घेऊन तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसला. तिचा उजवा पाय मांडीवर घेतला.

"खाली पाय ठेवला का तुमी?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"काऊन?"

"मले भुई थंडी लागून राहिली."



तेल चोळायला त्याने तिच्या बोटातलं जोडवं सरकवलं. ते सहज निघून हातात आलं. लग्नापासून न काढलेलं जोडवं, आणि खालच्या कातडीवर वळ नव्हता.

मग तो स्वतःच्या डाव्या पायाकडे वाकला. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती तो वळ होता, खोल आणि पांढरा.