उणे एकतीसमधला उन्हाळा

रविवारी सकाळी तोइवो राउतिओ उबदार घरात गारठून मेलेला सापडला. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा दाराजवळच्या खुर्चीत बसलेला, अंगात कोट, पायांत बूट, शेजारी भरलेली बॅग. स्वयंपाकघरातला नळ गोठून फुटलेला होता आणि तळघरात घर तापवणारा बॉयलर मजेत चालू होता.

"पोलीस म्हणतात, मी ओढलेल्या तारा सैल, म्हणून बॉयलर मधेच झोपला आणि मधेच उठला," ओरेस्त पेत्रीना म्हणाला. कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या निम्म्या बॉयलरांची वायरिंग त्याच्या हातची. "परवाना गेला, बाई. सोमवारी आरोपपत्र येतंय. मी त्या माणसाला मारलं नाही हो!"

इर्मा साल्मी तीस वर्षं सरकारी बॉयलर तपासनीस होती. निवृत्तीनंतर ती खासगी तपास करायची. गाडी चालवायला बर्नी असे. तो जन्मभर बस चालवलेला, त्यामुळे त्याचं डोकंही थांबे घेत घेत चालायचं.

तळघरात इर्माने एकेक तार ओढून पाहिली. एकही सैल नव्हती.

"घरातला थर्मोस्टॅट एक रात्र आणि एक दिवस ऊब मागतच होता. मग बॉयलर का नाही पेटला?" बर्नीने विचारलं.

"हा साधा चालू-बंदवाला नाही," ओरेस्त म्हणाला. "उत्तरेच्या भिंतीवर सेन्सरची डबी आहे. बाहेर थंडी वाढली की हा ज्योत मोठी करतो. बाहेरचं तापमान अठराच्या वर गेलं की उन्हाळा समजून झोपतो. मग थर्मोस्टॅटने कितीही हाका मारा, उठत नाही. तोइवोने ऐकून घेतलं नाही, म्हणून त्याच्या मुलीला सगळं समजावलं होतं."

इर्माने पडद्यावर आठवड्याची नोंद काढली. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बाहेर सव्वीस अंश. पहाटे उतरत एकोणीस. शनिवारी सकाळी सव्वासातला पुन्हा सव्वीस. संध्याकाळी घसरून उणे एकतीस.

"सेन्सरच बिघडलाय, झालं!" बर्नी म्हणाला.

"आत्ता उणे एकोणतीस दाखवतोय, आणि बाहेर तेवढंच आहे. बिघडलेली वस्तू इतकी शहाणी होते होय?"

बाहेर बर्नीने खिशातलं हात शेकायचं पाकीट चोळलं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारे सगळेच ती बाळगतात. "फोडलं की आतली लोखंडाची पूड गंजत जाते आणि दहा-बारा तास छान तापतं. घे."

इर्मा डबीकडे बघत होती. डबीवर तांबडी, गंजासारखी पूड होती आणि लोकरीचा एक निळा धागा अडकला होता. तार डबीत वरून शिरत होती.

"ओरेस्त, तार वरून घेतोस तू?"

"वेड लागलंय का मला? पाणी आत जाईल. आमच्यात शिकाऊसुद्धा खालूनच घेतो. कोणीतरी डबी काढून उलटी टांगलीय!"

शेजारचा गिल्बर्ट कडवट होता. "आमचं पटत नव्हतं. अंगणातला बर्फ माझ्याकडे ढकलायचा मेला. पण शुक्रवार सकाळ ते रविवार दुपार मी तळ्यावर होतो. चौघांना विचारा." त्याने तोइवोच्या दाराकडे मान वळवली. "दर शनिवारी म्हातारा पहाटेपासून दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. मुलीच्या पावाची वाट बघत."

तोइवोची मुलगी किर्स्ती पंचावन्नची. तिच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या गोड पावाचा वास होता. "शुक्रवारी संध्याकाळी पाचला बाबांना औषधं दिली. शनिवारी सकाळी सातला पाव दाराच्या हुकाला टांगला. उशिरा उठतात, म्हणून बेल नाही वाजवली. दोन वर्षं त्यांची खोली तयार ठेवलीय इथे. हट्टी माणूस!"

खुंटीला निळे लोकरी हातमोजे होते. इर्माने ते पाहिले आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना तोइवोच्या घरी बोलावलं. पोलीसही होता.

"बॉयलर निर्दोष आहे," ती म्हणाली. "कोणीतरी त्याला खोटा उन्हाळा दाखवला. डबी काढून तापलेलं पाकीट सेन्सरला लावलं आणि वर लोकरी हातमोजा चढवला. पूड पाकिटातली, धागा हातमोज्याचा. पाकीट दहा-बारा तास टिकतं. आलेखात दोन चढ आहेत, म्हणजे पाकिटं दोन. दुसरं संपलं तसा बॉयलर जागा झाला, म्हणून रविवारी घर उबदार."

"गिल्बर्ट!" बर्नी पुटपुटला.

"तो तळ्यावर, चौघांसोबत. ओरेस्तला हा खटाटोप कशाला? त्याने पडद्यावरचा एक आकडा बदलला असता. आणि डबी त्याने उलटी टांगली नसती. शुक्रवारी पाचच्या आणि शनिवारी सातच्या सुमारास इथे एकच माणूस आला होता. सेन्सरची माहितीही त्यालाच होती."

किर्स्ती खाली बसली.

"मला त्यांना मारायचं नव्हतं," ती म्हणाली. "वाटलं, एक रात्र घर गार पडलं की बाबा म्हणतील, ने मला. मी रात्रभर त्यांच्या फोनची वाट बघत बसले. आलाच नाही. म्हणून सकाळी दुसरं लावलं. रविवारी त्यांना पाहिलं आणि आधी बाहेर जाऊन ते पाकीट काढलं."

"शनिवारी खिडकीतून पाहिलंस?"

"पाहिलं. कोट घालून बसले होते. डुलकी लागली होती. वाटलं, अजून हट्ट सुटला नाही."

ओरेस्तने तोंड फिरवलं. तो सुटला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

इर्माने दाराजवळची बॅग टेबलावर उघडली. आत दाढीचं सामान होतं, औषधं होती, बायकोचा फोटो होता आणि घरात घालायच्या नव्या सपाता होत्या.

"पोलिसांना वाटलं, मदत मागायला निघाले होते," ती म्हणाली. "मदत मागायला जाताना कोणी सपाता नेत नाही, किर्स्ती. फोन करून मागणं त्यांना जमलं नसतं. पण शनिवारी सातला तू येतेस, हे त्यांना ठाऊक होतं. ते तुझ्याकडे राहायलाच निघाले होते."

किर्स्तीने सपाता हातात घेतल्या. त्यांच्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून काढलेली नव्हती.