मूळ उत्तरकातल्या अकरा ओळी

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सुलभा खोत यांनी गोठ्याच्या दारात उभं राहून फोनला विचारलं, "रस्ता किती वाजता बुडतोय?"

मळेवाडीत हा प्रश्न कोणी घाबरून विचारत नसे. वारणेचं पाणी चढू लागलं की धार कधी काढायची, डेअरीची गाडी कधी बोलवायची, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरायचं. उत्तर दोन सेकंदांत यायचं आणि गेल्या तेरा वर्षांत ते पंधरा मिनिटांपेक्षा जास्त कधी चुकलं नव्हतं. गावाची अडचण अशी की तिथे घरांच्या आधी रस्ता बुडतो. तो गेला की गावाचं बेट होतं आणि मोठ्या पुरात बेटही जातं. सुलभाताईंकडे नऊ म्हशी होत्या आणि पक्षाघातानं दोन वर्षं अंथरुणावर असलेले सासरे. दिराच्या ट्रॉलीच्या दोन खेपा कराव्या लागणार होत्या. त्याला दोन तास हवे होते. दोन तास हातात आहेत की नाहीत, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

फोन म्हणाला, "थांबा. वरच्या गावाला विचारतोय."

हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आत जाऊन सासऱ्यांना सांगितलं. म्हातारा अडखळत म्हणाला, "आता यंत्रबी शेजारणीला इचारून सांगाय लागलं म्हणायचं."

तेच वाक्य त्याच मिनिटाला सांगलीत, खोरे पूरसेवा केंद्राच्या भिंतीवरच्या पडद्यावर उमटलं. खाली गावाचं नाव होतं. मग दुसऱ्या गावाचं, मग एकदम चाळीस गावांची. हेमलता पडवळ यांनी चष्मा वर सरकवला. त्या वाक्याची लेखिका त्याच होत्या, आणि तेरा वर्षांत ते एकदाही चाललं नव्हतं.

केंद्राची रचना मुळात साधी होती. खोऱ्यातल्या प्रत्येक गावासाठी सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवलेला होता. त्याला उत्तरक म्हणत. गावातून प्रश्न आला की उत्तरक जागा होई, नदीतल्या मापकांचे आकडे घेई, हिशेब करी आणि उत्तर पाठवी. असे अकराशे अठरा उत्तरक होते. ते सगळे यंत्रानं लिहिलेले होते आणि यंत्रच ते रोज सुधारत असे. माणसानं लिहिलेला भाग एकच, मूळ उत्तरक. प्रश्न कसा घ्यायचा, उत्तर कसं द्यायचं, अडलं तर काय करायचं, हे त्यात एकदाच लिहिलेलं होतं आणि बाकीच्या सर्वांना ते वारशानं मिळत होतं. गावाचं जे वेगळं असेल तेवढंच गावाच्या उत्तरकात असायचं. जे त्याला स्वतःला ठाऊक नाही, त्यासाठी तो मुळाकडे वळायचा. मुळातली एक ओळ बदलली की अकराशे अठरा गावांत ती त्याच क्षणी बदले. म्हणून यंत्राला तिथे हात लावायला बंदी होती, आणि माणसालाही दोन किल्ल्यांशिवाय तिथे जाता येत नसे. एक किल्ली हेमलताबाईंकडे असे, दुसरी केंद्रप्रमुख सदानंद बेडकिहाळ यांच्याकडे.

अकरा चाळीसला घाटात दरड कोसळली होती. तिच्याखाली मापकांची केबल तुटली आणि पश्चिमेकडची सतराच्या सतरा मापकं गप्प झाली. उत्तरकांकडे आकडे उरले नाहीत. प्रत्येक जण मुळाकडे वळला, आणि मुळात अशा वेळेसाठी अकरा ओळी होत्या. स्वतःला माहीत नसेल तर वरच्या गावाला विचार. वर गाव नसेल तर माणसाला विचार.

बेडकिहाळ पडद्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मंजुरी?"

"तुमचीच सही आहे, साहेब. चारशे पानांच्या शेवटी."

बेडकिहाळ हसले नाहीत. नियमाप्रमाणे यंत्राचा आकडा नसेल तर उत्तर देता येत नव्हतं, 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच सांगता येत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं की उद्या एखादं कुटुंब चुकीच्या वेळेवर विसंबून पाण्यात गेलं, तर चौकशीत काय सांगायचं, डोंगरातल्या कोणीतरी अंदाजानं सांगितलं म्हणून?  हेमलताबाई नदीकाठीच वाढल्या होत्या. वरच्या गावांतल्या लेकी खालच्या गावांत दिलेल्या असायच्या. पाणी वाढलं की वरून आईचा फोन यायचा आणि अर्धी गल्ली त्या फोनवर निघायची.

"तो फोन मी लिहून ठेवला," त्या म्हणाल्या. "तेवढंच केलंय."

बेडकिहाळांनी आपली किल्ली खिशातून काढून हातात धरली. दोन्ही किल्ल्या लागल्या की अकरा ओळी काढून टाकायला एक मिनिट पुरलं असतं. ते म्हणाले, "साडेबारापर्यंत बघतो."

नकाशावर मळेवाडीतून एक बारीक रेघ निघाली होती. ती नदीच्या उलट दिशेनं, गावामागून गाव, वर चढत होती. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबे, उत्तर नाही म्हणून पुढे जाई. वाटेत जिथे ओढा मिळे तिथे तिला फांदी फुटे. तेविसाव्या गावाला ती थांबली. झोरेवाडा. सोळा घरं. त्याच्या वर फक्त जंगल.

झोरेवाड्यात बायजा झोरे यांच्या चहाच्या टपरीत फोन बोलला. फोन थेट उपग्रहाशी जोडलेले असल्यानं चालू होते. "मळेवाडीच्या सुलभा खोत विचारताहेत. तुमच्याकडे पाणी कुठवर आलंय?"

बायजाबाई सत्तरीच्या. मळेवाडी त्यांनी पाहिलेली नव्हती. त्या डोक्यावर पोतं घेऊन ओढ्यापर्यंत गेल्या, पाहून आल्या आणि म्हणाल्या, "म्हसोबाच्या दगडावर चार बोटं."

केंद्रात हे वाक्य पडद्यावर आलं तेव्हा बेडकिहाळांनी मान हलवली. झालं, संपलं, असा त्याचा अर्थ होता. चार बोटांचा हिशेब कुठलं यंत्र करणार होतं?

पण रेघ विझली नाही. झोरेवाड्याच्या उत्तरकानं तो दगड ओळखला. गेली तेरा वर्षं तिथली माणसं त्याला एकच गोष्ट विचारत आली होती, म्हसोबा बुडणार का? प्रत्येक पुरात त्यानं मापकाचा आकडा आणि दगडाची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली होती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दगडाचा माथा किती मीटरवर आहे ते त्याला सेंटिमीटरपर्यंत ठाऊक होतं. बायजाबाईंची चार बोटंही त्यानं जुन्या उत्तरांवरून मोजून ठेवलेली होती: सात सेंटिमीटर.

आता रेघ खाली येऊ लागली. नकाशावर वीसेक फांद्यांच्या टोकांना उजेड दिसू लागला. कुठे शाळेची तिसरी पायरी, कुठे जांभळीचा बुंधा, कुठे पिराच्या चौथऱ्याची कड. दर गावाचा उत्तरक आपली खूण मीटरमध्ये बदलत होता, पाणी पुढच्या गावाला पोचायला लागणारा वेळ त्यात मिळवत होता आणि उत्तर खाली देत होता. पाणी ज्या वाटेनं येणार होतं त्याच वाटेनं त्याची बातमी त्याच्या पुढे धावत होती. खोलीतली सात-आठ माणसं खुर्च्यांतून उठून उभी राहिली होती. 

बारा एकतीसला मळेवाडीत फोन बोलला. "रस्ता दोन पन्नासला बुडेल. वीस मिनिटं मागेपुढे. हे मापकानं नाही, बायजा झोरे आणि आणखी एकोणीस माणसांनी सांगितलंय."

"हे कोणी जोडलं?" बेडकिहाळांनी विचारलं. साडेबारा होऊन गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

हेमलताबाईंनी सांगितलं की कोणीच नाही. विचारायची सवय मुळाची, दगडाची उंची गावाची. दोन्ही गोष्टी तेरा वर्षं एकमेकींना न भेटता एकाच प्रोग्राममध्ये राहिल्या होत्या.

खाली, पूर्वेकडच्या पुलाजवळचं एक मापक अजून चालू होतं. दीड वाजता त्याचा आकडा आणि माणसांवरून काढलेला आकडा यांत नऊ सेंटिमीटरचा फरक निघाला. बेडकिहाळांनी किल्ली परत खिशात ठेवली. दोन चव्वेचाळीसला मळेवाडीचा रस्ता पाण्याखाली गेला.

तीन पंधराला झोरेवाड्यातून एक प्रश्न आला. बायजाबाईंनी टपरी बंद करता करता फोनला विचारलं होतं, "ती बाई निघाली का?"

झोरेवाड्याच्या उत्तरकाला हे माहीत नव्हतं. तो मुळाकडे वळला. मुळात लिहिलं होतं, वरच्या गावाला विचार. वर गाव नव्हतं. माणसाला विचार. त्यानं तिथल्या माणसाला विचारलं, "ती बाई निघाली का?"

"आरं, मीच इचारतोय की तुला," बायजाबाई म्हणाल्या.

केंद्रात थोडा हशा पिकला आणि लगेच थांबला. खाली विचारायची सोय कोणी केलीच नव्हती. तेरा वर्षांत वरच्या कोणाला खालची खबर हवी असेल, हे सुचलं नव्हतं, हेमलताबाईंनाही नाही. त्या खुर्चीत बसल्या आणि लिहू लागल्या. आणखी सहा ओळी. खालच्या गावाला विचार, ते त्या माणसाला विचारेल, उत्तर आलं नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा विचार. बेडकिहाळांनी न मागता किल्ली पुढे केली. फक्त एक विचारलं, "किती वेळा? दर प्रश्नाला समोरच्या फोनची बॅटरी खर्च होते. पाच लिहा."

हेमलताबाईंनी आजच्यापुरती ती जागा रिकामी ठेवली, म्हणजे उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. तीन पन्नासला ओळी चालू झाल्या.

मळेवाडीतून घराघरांची उत्तरं येऊ लागली. निघालो. टेकडीवर आहोत. शाळेत आहोत. पाऊण तासात एकशे सहा घरं झाली. सुलभा खोत यांचा फोन वाजत होता आणि कोणी घेत नव्हतं. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. साडेचारला पाचव्यांदा विचारून झालं. पडद्याकडे पाहणाऱ्यांपैकी कोणी बेडकिहाळांकडे पाहिलं नाही, आणि त्यांनीही थांबवायला किल्ली काढली नाही. सहाव्यांदा. सातव्यांदा. झोरेवाड्यातून मध्येच विचारणा आली, काय कळलं का? आठव्यांदा.

पाच दहाला, नवव्यांदा, उत्तर आलं. "निघालो. फोन मामंजींच्या गादीच्या वळकटीत राहिला होता. म्हशी सगळ्या हायत. कोण इचारतंय?"

रेघ तेवीस गावं चढून वर गेली.

सहा वाजता मुळातला बदल कायम करायचा होता. रिकामी जागा नियमात बसत नव्हती आणि उद्यापासून हाच मूळ उत्तरक दुसऱ्या दोन खोऱ्यांत जाणार होता. जो आकडा लिहायचा तो पाच हजार गावांना एका क्षणात मिळणार होता. हेमलताबाईंनी नऊ लिहिला आणि पुसून टाकला. बेडकिहाळ शेजारी किल्ली घेऊन उभे होते. नवव्यांदा उत्तर देणारी बाई आज त्या दोघांना भेटली होती. पण दहाव्यांदा किंवा चाळिसाव्यांदा फोन उचलणारं माणूस कुठल्या तरी गावात असेलच, मग कोणाचंही नाव घेऊन किती वेळा विचारलं म्हणजे थांबायला हरकत नाही?